उजळ वाटेचा धनी : जिम थॉर्प

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा खेळ येतो. अमेरिकेतील महाविद्यालयांचा फुटबॉल मात्र निराळा! तेथे लांबट चेंडू छातीशी धरून धावायचे, समोरच्या अकरा जणांची फळी फोडायची आणि त्यांची शेवटची रेषा ओलांडायची. नाहीतर दोन खांबांमधून चेंडू लाथेने पलीकडे धाडून गुण मिळवायचे. या खेळाच्या इतिहासात १९१२ चा हंगाम ज्याच्यामुळे अजरामर झाला, त्या जिम थॉर्पची ही जीवनकहाणी आहे.

जिमचा जन्म १८८७ साली आजच्या ओक्लाहोमा राज्यात, सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीत झाला. आईबापांनी ठेवलेले त्याचे मूळ नाव होते वा-थो-हक, म्हणजे उजळ वाट. पण त्या वाटेवर आरंभी काळोखच होता. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच गेला, पुढे आईही गेली. १९०४ साली जिम पेनसिल्व्हेनियातील कार्लाईल येथील शाळेत दाखल झाला आणि थोड्याच दिवसांत वडिलांचे छत्रही हरपले.

ही शाळा १८७९ साली एका जुन्या लष्करी छावणीत सुरू झाली होती. आदिवासी मुलांना घरापासून शेकडो कोस दूर आणायचे, त्यांचे लांब केस कापायचे, मायबोली बोलण्यास बंदी करायची आणि नवी इंग्रजी नावे द्यायची, असा तेथील शिरस्ता. अर्धा दिवस पुस्तके, अर्धा दिवस कष्टाची कामे. तेथेच मरण पावलेल्या दीडशेहून अधिक मुलांना तेथे पुरण्यात आले. शिक्षण माणसाला मोठे करते, असे आपण ऐकत आलो. पण ज्या शिक्षणाची किंमत म्हणून स्वतःची भाषाच द्यावी लागते, त्याला काय म्हणावे?

अशा त्या शाळेत एक मैदान होते. १९०७ साली मैदानावरून जाताना उंच उडीचा सराव पाहून जिम थांबला आणि अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी पाच फूट नऊ इंचांची उडी मारून गेला, असे सांगतात. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी हा हिरा ओळखला. कार्लाईल ही नावाला शाळा. पण तिचा फुटबॉल संघ भल्याभल्या विद्यापीठांशी झुंजत असे. तिचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांहून किरकोळ अंगाचे. त्यांची सारी भिस्त वेगावर आणि हुलकावणीवर. १९११ साली बलाढ्य हार्वर्डला त्यांनी १८–१५ असे हरवले. त्यांतले बारा गुण जिमच्या चार अचूक लाथांनी मिळवले होते.

१९१२ च्या उन्हाळ्यात जिम स्टॉकहोम ऑलिम्पिकला गेला आणि पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके घेऊन आला. परतताच तो पुन्हा कार्लाईलच्या संघात उभा राहिला. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी सामना झाला. वुंडेड नी येथे सैन्याने आदिवासी स्त्रियापोरांचीही कत्तल केली, त्याला तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. भावी सेनाधिकाऱ्यांच्या त्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवरही होते. कार्लाईलने सामना २७–६ असा जिंकला! त्या हंगामात कार्लाईलने पाचशेहून अधिक गुण नोंदवले.

पण जानेवारी १९१३ मध्ये घात झाला. १९०९ व १९१० साली जिम उत्तर कॅरोलिनात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता, हे वर्तमानपत्रात छापून आले. पैसे घेऊन खेळला म्हणून तो हौशी खेळाडू नाही, असे ठरले; पदके काढून घेतली, विक्रम खोडले. नियमाप्रमाणे तक्रार तीस दिवसांत यायला हवी होती. ती मुदत केव्हाच उलटली होती. इतर महाविद्यालयीन खेळाडू असेच पैसे घेत, पण खोट्या नावाने. जिम स्वतःच्या नावाने खेळला. आमच्यातले कितीतरी जण सुटीत कांदा काढणीला किंवा ऊसतोडीला जाऊन वह्यापुस्तकांचे पैसे जमवतात. पोटासाठी घाम गाळणे हा कलंक कसा, हे त्यांना कोण समजावणार? हौस ही ज्याच्या घरी दाणापाणी आहे त्यालाच परवडते.

जिम खचला नाही. तो व्यावसायिक बेसबॉल व फुटबॉल खेळला. १९२० साली स्थापन झालेल्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्षही झाला. उतारवयात मात्र चित्रपटांतील बारीकसारीक भूमिका आणि अंगमेहनतीची कामे यांवर त्याला दिवस काढावे लागले. १९५० साली क्रीडापत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

न्याय फार उशिरा आला. १९८२ साली ऑलिम्पिक समितीने त्याचे विजेतेपद परत केले, तेही दुसऱ्यांसोबत वाटून. २०२२ साली, म्हणजे ११० वर्षांनी, त्याला एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळाली. डेकॅथ्लॉनचे सुवर्ण ज्या स्वीडिश खेळाडूला दिले होते, त्या विस्लँडरने ते आपले कधी मानलेच नव्हते.

कार्लाईलची शाळा १९१८ सालीच बंद पडली. पदके गेली आणि आली. पण १९१२ च्या त्या हंगामातील फुटबॉलच्या निकालांना कोणत्याही समितीला हात लावता आला नाही : बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी.