सयाजीराव गायकवाड : राज्याचा कोश आणि प्रजेचे वाचन

आधुनिक भारतीय भाषांच्या इतिहासात ग्रंथकारांची चरित्रे विपुल आहेत. वाचक घडविणाऱ्यांची मात्र विरळा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र या दुसऱ्या वर्गात मोडते.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या शेतकरी मुलाचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. अक्षरओळखीपासून राज्यशास्त्रापर्यंतचा पल्ला त्यांनी इलियट यांच्या अध्यापनाखाली आणि दिवाण टी. माधवराव यांच्या मार्गदर्शनाने काही वर्षांतच गाठला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना पूर्ण राज्याधिकार मिळाले. निरक्षरतेचा अनुभव स्वतः घेतलेला राजा शिक्षणाकडे दानधर्म म्हणून न पाहता राज्याचे कर्तव्य म्हणून पाहू लागला, यात नवल नाही.

१८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने राज्याची आर्थिक घडी विस्कटली. तरीही १९०६ मध्ये ही सक्ती संपूर्ण राज्याला लागू करण्यात आली. हलाखीच्या काळानंतर शिक्षणावरील खर्च आखडता न घेता वाढविण्याचा हा निर्णय त्यांच्या राज्यनीतीचे मर्म उघड करतो. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

या कार्याला समाजाच्या मर्यादाही होत्या. अंत्यजांसाठी स्वतंत्र शाळा काढाव्या लागल्या आणि तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. गैरहजेरीबद्दलचा दंडही ज्या घरात मुलांच्या श्रमाची गरज होती, त्यांनाच अधिक जाचत असे. परंतु पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, हेही विसरता येत नाही.

शाळेत मिळविलेली साक्षरता वाचायला पुस्तक नसेल तर विरून जाते, हे सयाजीरावांनी ओळखले. १९०६ च्या अमेरिका प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांचा खाजगी ग्रंथसंग्रह त्यास मिळाला.

खेड्यांसाठी आखलेली अनुदानाची पद्धती विशेष अभ्यसनीय आहे. ग्रंथालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग लोकांनी जमवावा, तितकाच प्रांत पंचायतीने आणि तितकाच सरकारने द्यावा. सरकारी वाट्याची वार्षिक मर्यादा खेड्यास १०० रुपये, कसब्यास ३०० रुपये आणि प्रांताच्या मुख्य गावास ७०० रुपये अशी होती. सरकारचा पैसा लोकांच्या पैशाच्या मागोमाग येत असल्यामुळे ग्रंथालय गावाला आपले वाटे. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही चळवळ गावोगाव नेली. मात्र ज्या गावाला आपला वाटाही उभारता येत नसे, त्याचे काय? अशा ठिकाणी पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या विनामूल्य पोहोचविल्या जात. केवळ अनुदानाने जे साधले नसते, ते या पेट्यांनी काही अंशी साधले.

राजघराणे मराठीभाषक, प्रजा बहुतांशी गुजरातीभाषक. त्यामुळे वाचनाचा प्रश्न भाषेच्या प्रश्नापासून वेगळा नव्हता. दोन लाख रुपयांच्या निधीतून श्रीसयाजी साहित्यमाला निघाली आणि देशी भाषांत उपयुक्त ग्रंथ सिद्ध झाले. १९१६ मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. १९३१ चा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा कोश राज्यकारभाराच्या संज्ञा आठ भाषांत देतो. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची राजवट एकतंत्री होती आणि अनेक सुधारणा हुकुमानेच आल्या. परंतु शाळेसाठी कायदा, ग्रंथालयासाठी अनुदान आणि वाचनासाठी स्वभाषेतील ग्रंथ, या तिन्हींची सांगड घालणारी व्यवस्था त्यांनी उभी केली. यांपैकी एक जरी दुवा निखळला, तरी उरलेल्या दोहोंवरील खर्च बव्हंशी वाया जातो, हा बडोद्याच्या प्रयोगाचा बोध आहे.