भीक नव्हे, निधी : महापौर फ्रँक मर्फी

मर्फी म्हटले की आपल्याकडच्या जुन्या पिढीला रेडिओ आठवतो. आम्हाला आठवतात ते डेट्रॉईट शहराचे महापौर आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले फ्रँक मर्फी.

जन्म १८९० चा, मिशिगन राज्यातला. वडील वकील. मर्फी यांनीही १९१४ साली मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. डेट्रॉईटच्या फौजदारी न्यायालयात न्यायाधीश असताना १९२५ मध्ये त्यांच्यापुढे डॉ. ऑसियन स्वीट यांचा खटला आला. या काळ्या डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले होते. जमाव चालून आला, दगडफेक झाली, आतून गोळ्या सुटल्या, एक गोरा मेला आणि अकरा काळ्यांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. ज्यूरी सगळी गोरी. तरी मर्फी यांनी खटला असा निःपक्षपाती चालवला की पहिल्यांदा ज्यूरीचे एकमतच झाले नाही आणि १९२६ मध्ये डॉक्टरांचे बंधू हेन्री निर्दोष सुटले. बाकीच्यांवरचे आरोपही पुढे मागे घेण्यात आले. वस्तीत घर घेण्याची किंमत काय असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर १९३० मध्ये ते महापौर झाले. मंदीने मोटारीचे कारखाने ओस पडले होते. मर्फी यांनी बेकारांची नोंदणी सुरू केली, रिकाम्या कारखान्यात बेघरांना निवारा दिला, पडीक जागांवर भाजीपाला पिकवू दिला. खरी मेख वेगळीच होती. फोर्डचा अवाढव्य कारखाना शहराच्या हद्दीबाहेर, डिअरबॉर्नमध्ये. कर तिकडे, आणि कामावरून काढलेले कितीतरी कामगार राहायला डेट्रॉईटमध्ये! म्हणजे नफा कंपनीचा आणि उपाशी माणसे नगरपालिकेची. घरपट्टी थकत गेली, बँकवाल्यांनी कर्जासाठी खर्चकपातीचा आग्रह धरला आणि हजारो कुटुंबे मदतीच्या यादीतून गळाली. हे मर्फी यांच्याच कारकिर्दीत झाले, तेही नोंदवले पाहिजे.

७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा मोर्चा फोर्डच्या कारखान्याकडे निघाला. डेट्रॉईटच्या हद्दीत त्याला परवानगी होती. डिअरबॉर्नची हद्द लागताच अश्रुधूर आणि गोळ्या. चौघे मारले गेले. पाचवा जखमी कर्टिस विल्यम्स काही महिन्यांनी गेला. तो काळा होता म्हणून बाकी चौघांशेजारी दफनभूमीत त्याला जागा नाकारली गेली. स्मशान वेगळे ठेवणारी माणसे फक्त आपल्याच गावात असतात, असे समजू नये.

त्या वेळी अमेरिकेत गरिबाला पोसणे ही गावाची आणि धर्मादाय संस्थांची जबाबदारी मानली जाई. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना केंद्राच्या तिजोरीतून थेट मदत मान्य नव्हती. मर्फी यांनी जून १९३२ मध्ये मोठ्या शहरांच्या महापौरांना डेट्रॉईटला बोलावले. मंदी देशाची आहे, तर तिचा भार एकट्या शहराने का वाहावा, हा त्यांचा मुद्दा होता. महापौरांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले. जुलैमध्ये कायदा झाला आणि मदतकार्यासाठी राज्यांना ३० कोटी डॉलर उपलब्ध झाले, पण कर्ज म्हणून, व्याजासह. आधीच कर्जात बुडालेल्याला आणखी कर्ज! तरीही बेकारांच्या मदतीत केंद्राचे पाऊल प्रथमच पडले. महापौरांची कायम परिषद उभी राहिली आणि मर्फी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

रूझवेल्ट सत्तेवर आल्यावर मे १९३३ मध्ये ५० कोटी डॉलरचा आपत्कालीन मदतनिधी मंजूर झाला. या वेळी ते अनुदान होते. अर्धी रक्कम अशी, की राज्याने व शहरांनी तीन डॉलर खर्चले की केंद्र एक देणार. उरलेली अर्धी निव्वळ गरज पाहून, कारण ज्यांच्याकडे ते तीन डॉलरच नाहीत त्यांनी काय करायचे? आम्हाला या कायद्यातली ही दुसरी तरतूद फार मोलाची वाटते. आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, पैशासाठी मात्र त्यांना राज्याच्या दारात उभे राहावे लागते.

मर्फी तोवर फिलिपाईन्सला गव्हर्नर-जनरल म्हणून निघाले होते. १९३७ मध्ये मिशिगनचे गव्हर्नर असताना त्यांनी जनरल मोटर्सच्या संपकऱ्यांवर सैनिक घालण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी निवडणूक हरले. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. जपानी वंशाच्या नागरिकांना युद्धकाळात घरांतून हुसकावण्याचा आदेश १९४४ साली सहा न्यायमूर्तींनी वैध ठरवला, तेव्हा विरोधी मत देणाऱ्या तिघांत मर्फी होते. त्यांनी त्याला सरळ वंशवाद म्हटले. १९ जुलै १९४९ रोजी डेट्रॉईटमध्येच त्यांचे निधन झाले. तो निकाल चूक होता, हे त्या न्यायालयाने म्हणायला २०१८ साल उजाडले.