सोन्याचे कण, पारा अन् एक डॉक्टर. कोण होते अ‍ॅग्रिकोला?

सीवूड्स, नवी मुंबई : आपल्याकडचे झारेकरी सराफांच्या दुकानातली धूळ धुऊन सोने काढतात. ओढ्याच्या वाळूतले बारीक सोने काढण्याच्या रीती सोळाव्या शतकात जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला यांनी सविस्तर लिहिल्या.

कोण होते?
जन्म १४९४, ग्लाउखाउ, आजचे जर्मनी. इटलीत वैद्यक शिकून १५२७ मध्ये ते योआखिम्सथाल या चांदीच्या खाणींच्या गावात डॉक्टर झाले. रुग्ण तपासता तपासता त्यांनी खाणीही अभ्यासल्या.

रीत काय?
सोने वाळूच्या सुमारे सातपट जड. उतरत्या फळीवर पाणी सोडले की वाळू वाहून जाते, सोने मागे राहते. अगदी बारीक कण पाऱ्यात मिसळायचे, चामड्यातून पिळायचे आणि उरलेला पारा तापवून उडवायचा.

धोका कुठे?
पाऱ्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडांना घातक असते. खाणीतल्या धुळीपासून बचावासाठी तोंडावर फडके बांधा, असे अ‍ॅग्रिकोला यांनी सांगितले होते. वाफ मात्र फडक्याने अडत नाही.

पुढे काय?
१५५५ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘दे रे मेटालिका’ हा ग्रंथ १५५६ मध्ये आला. छापील प्रत त्यांना पाहता आली नाही. आज हौसेने सोने शोधणाऱ्यांनी त्यांची फळी जरूर घ्यावी, काळी रेती लोहचुंबकाने काढावी. पारा मात्र घरात आणू नये.