कापरेकर, ६१७४ आणि पायथनचा आळशी मॅप

दिवाळीत बिलोलीला घरी होतो. दहावीतल्या भाच्याला ६१७४ ची गंमत प्रोग्राम लिहून दाखवायला बसलो आणि फजिती झाली. पण आधी ही गंमत ज्यांनी शोधली त्यांच्याबद्दल.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये पदवी. त्यापुढची डिग्री नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत मास्तर. उरलेला वेळ आकड्यांना.

१९४६ मध्ये त्यांना हे सापडलं: चार अंकी संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर परत तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि पुढे तीच येत राहते.

आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं, तेव्हा जगाला कापरेकर कळले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

आता माझी फजिती. बाहेरचा मॅप संख्यांच्या यादीवर, आतला मॅप संख्येचे अंक सुटे करायला. प्रिंट केलं तर उत्तरांऐवजी नुसतं मॅप ऑब्जेक्ट! पायथन ३ मधला मॅप आळशी आहे, कोणी मागेपर्यंत काहीच करत नाही. म्हणून बाहेरच्या मॅपची लिस्ट केली. तर ३५२४ चं उत्तर ५४३२, पुढच्या पायरीलाही ५४३२. एरर एकही नाही. भाचा हसायला लागला, त्याच्या वहीत ३०८७ आलं होतं.

गडबड आतल्या मॅपची. तो एकदाच वाचता येतो. उतरता क्रम लावतानाच सगळे अंक संपले, चढत्यासाठी काही उरलंच नाही, म्हणून लहान संख्या शून्य धरली गेली. उपाय सोपा: अंकांची आधीच लिस्ट करून ठेवा, मग कितीदाही वापरा.

कापरेकरांनी ६१७४ शोधली ती कॉम्प्युटरशिवाय. माझी चूकही वहीतल्या वजाबाकीनेच पकडली. मॅपमध्ये मॅप टाकाल तेव्हा एक उदाहरण हाताने सोडवून बघाच.