शिशाच्या धुळीमागे लागलेल्या डॉक्टरबाई

रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिसं भेटतं ते अणुक्रमांक ८२ म्हणून. त्या शिशाने माणसाचं काय होतं, हे मला डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्या चरित्रातून कळलं.

जन्म १८६९चा, अमेरिकेतला. १८९३मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि १८९७पासून शिकागोच्या हल हाऊसमध्ये, गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत राहू लागल्या. १९१०मध्ये इलिनॉय राज्याने धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी काढली, त्यात शिशाचा तपास बाईंकडे आला.

मालकांचं उत्तर ठरलेलं असे: कामगार हात न धुता जेवतात, म्हणून विषबाधा होते. म्हणजे दोष कोणाचा, तर राबणाऱ्याचाच! बाईंनी कारखाने पालथे घातले, हॉस्पिटलच्या नोंदी चाळल्या. एका पोलिश कामगाराला पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडली होती. तो आंघोळीच्या टबांवर इनॅमल चढवायचा. कारखान्यात विचारलं, तर म्हणे आम्ही शिसं वापरतच नाही. आणि दाखवला तो फक्त शेवटचा हात फिरवायचा विभाग. बाई त्या कामगाराला घरी जाऊन भेटल्या, तेव्हा उलगडा झाला. खरं काम दुसऱ्याच जागी चाले. लालबुंद तापलेल्या टबावर इनॅमलची पूड भुरभुरायची, आणि ती धूळ नाकातोंडात जायची. पूड तपासली, तर शिसं निघालं. साबणाने हात कितीही घासा, फुप्फुसं कशी धुणार?

सगळेच मालक हटवादी नव्हते. नॅशनल लेड कंपनीच्या एडवर्ड कॉर्निश यांना आधी हे पटेना. पुरावे पाहिल्यावर मात्र त्यांनी धूळ आवरायची सोय केली, डॉक्टर नेमले. १९११मध्ये राज्याने कायदाच केला.

१९१९मध्ये बाई हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पण अटी बघा: प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत. (तिकिटांचं वाचून आधी हसू आलं, मग रागच आला.) १९३५मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हाही पद सहाय्यक प्राध्यापकाचंच.

१९२५मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला त्यांनी जाहीर विरोध केला होता. १९७०मध्ये, १०१व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत कामगार सुरक्षेचा देशव्यापी कायदा झाला. पेट्रोलमधलं शिसं मात्र तेव्हाही तसंच होतं. आपल्या देशात ते बंद व्हायला २००० साल उजाडलं.