रबराला स्थैर्य देणारा कर्जबाजारी संशोधक : चार्ल्स गुडइयर

वाहनांच्या टायरवरील ‘गुडइयर’ हे नाव जगभर परिचित आहे. मात्र ज्या संशोधकाच्या सन्मानार्थ ते दिले गेले, त्याचे आयुष्य दारिद्र्यात आणि कर्जात गेले.

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे झाला. वडिलांसमवेत चालविलेला लोखंडी सामानाचा व्यापार १८३० मध्ये बुडाला आणि कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. पुढे रबराच्या संशोधनाने त्यांना झपाटले.

कच्चे रबर ताणले जात असे, पण उन्हाळ्यात ते चिकट होई आणि थंडीत ठिसूळ बने. गुडइयर यांनी टपाल खात्यासाठी बनविलेल्या रबरी पिशव्याही उष्म्याने खराब झाल्या. त्यानंतर नॅथॅनियल हेवर्ड यांच्याकडून त्यांनी रबरात गंधक मिसळण्याच्या पद्धतीचे हक्क घेतले. १८३९ मध्ये वोबर्न येथे असे मिश्रण तप्त शेगडीला लागले असता ते वितळण्याऐवजी चिवट व लवचिक झाल्याचे त्यांना आढळले.

रबर हे लांबलचक, गुंतलेल्या रेणुसाखळ्यांचे बनलेले असते. उष्णतेने गंधक या साखळ्यांमध्ये सांधे निर्माण करते. त्यामुळे ताणल्यावर साखळ्या सरळ होतात, पण एकमेकींवरून कायमच्या घसरत नाहीत, आणि ताण सुटताच पदार्थ मूळ आकार धारण करतो. हेच व्हल्कनीकरण होय.

योग्य उष्णता व वेळ निश्चित करण्यात आणखी काही वर्षे गेली. १८४४ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉक यांनी आधीच अर्ज केला होता. १८५२ मध्ये ट्रेंटन येथील खटल्यात डॅनियल वेबस्टर यांनी गुडइयर यांची बाजू मांडून विजय मिळविला, तरीही आर्थिक विवंचना संपली नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला आणि त्याच शहरात कर्जासाठी त्यांना पुन्हा कैद भोगावी लागली.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी त्यांच्या कुटुंबाचा संबंध नव्हता. केरळच्या मळ्यांतील रबरालाही टायरचे रूप घेण्यापूर्वी आज याच प्रक्रियेतून जावे लागते.