आधी स्वतःला, मग लोकांना : डॉ. वाल्डेमार हाफकिन

परळला केईएम इस्पितळाकडे जाता-येता हाफकिन संस्थेची पाटी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. सर्पदंशावरचे औषध आणि पोलिओचे डोस तेथे होतात, एवढी माहिती बहुतेकींना असते. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे आणि त्या माणसाने आपल्या मुंबईसाठी प्राण पणाला लावले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्यांची जीवनकथा माझ्या साध्या भाषेत सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. घराणे ज्यू धर्माचे. त्या राज्यात ज्यू लोकांना फार जाच होता. १८८१ साली झारचा खून झाला आणि त्याचे खापर ज्यूंवर फुटले. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरेदारे लुटली गेली. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच पकडले. त्यांचे गुरू मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी खटपट करून शिष्याला सोडवले. पुढे विद्यापीठात चांगली जागा मिळत होती, पण त्यासाठी धर्म बदलण्याची अट होती. हाफकिन यांनी जागा सोडली, धर्म सोडला नाही. लोक परक्या माणसाकडे कसे संशयाने पाहतात, याचा धडा त्यांना असा तरुणपणीच मिळाला. तो जन्मभर त्यांची पाठ सोडणार नव्हता.

पुढे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. म्हणून ग्रंथालयात साहाय्यकाचे काम पत्करले आणि उरल्या वेळात पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे मरीआईचा कोप म्हणत, तोच हा रोग. १८९२ साली त्यांनी पटकीवर लस तयार केली. जनावरांवर ती लागू पडली, पण माणसाला ती सोसेल की नाही हे कोण सांगणार? त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि काही दिवसांत बरे वाटले. मगच त्यांनी ती आपल्या मित्रांना टोचली.

पटकीचे माहेरघर हिंदुस्थान, म्हणून ते १८९३ साली कलकत्त्याला उतरले. हा माणूस परका, दिसायला गोरा, हातात सुई, आणि म्हणे रोगच अंगात घालणार! लोकांनी घाबरू नये तर काय करावे? एका वस्तीत त्यांच्यावर दगड पडले असे सांगतात. तेव्हा त्यांनी सर्वांच्या देखत बरोबरच्या डॉक्टरकडून स्वतःला लस टोचून घेतली आणि हळूहळू लोक पुढे आले. १८९४ साली कलकत्त्याच्या काठलबागान वस्तीत त्यांनी ११६ जणांना लस टोचली. नंतर त्या वस्तीत पटकीने जे आजारी पडले, ते लस न घेतलेल्यांपैकी होते. ही गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला. चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त असे बंगाली डॉक्टर त्यांच्याबरोबर वस्तीवस्तीतून फिरत. आपल्या भाषेत बोलणारा, आपल्यातला माणूस सोबत असला की भीती निम्मी होते. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांनी स्वखुशीने लस घेतली. स्वतः हाफकिन मात्र हिवतापाने खंगले आणि त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले.

आता मुंबईची कथा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. काखेत, जांघेत गाठ यावी, भडकून ताप चढावा आणि दोन-चार दिवसांत माणूस जावा, असा तो रोग. लोक बोचकी बांधून मुंबई सोडू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

त्या वेळी शहरात काय काय कंड्या पिकल्या, त्या आज वाचल्या तर हसूही येते आणि अंगावर काटाही येतो. इस्पितळात नेतात ते मारायला नेतात; माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचे तेल काढतात; राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत; असे लोक खरोखर मानत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. रोगी माणसे घरात माळ्यावर, कोठीच्या खोलीत लपवली जाऊ लागली. लपवलेल्या रोग्यापासून घरच्यांना धोका, घरच्यांपासून शेजाऱ्यांना.

पण भगिनींनो, सारा दोष अडाणीपणावर टाकून चालणार नाही. सरकारची वागणूकही तशीच होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती वाटेल तो अधिकार आला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरत. ते देवघर पाहत नसत, स्वयंपाकघर पाहत नसत. रेल्वे स्टेशनवर परपुरुषांनी बायकांच्या काखा-जांघा तपासाव्यात, यापरती विटंबना कोणती? आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको ओढून छावणीत नेली जाई. लोकांचा संताप इतका झाला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अशा राज्यकर्त्यांच्या हातातली सुई कोणी भरवशाने टोचून घ्यावी? अंधश्रद्धा आणि अविश्वास या दोघी जावा आहेत. एकीला दुसरी साथ देते. अंधश्रद्धा शिकवून जाते, अविश्वास मात्र चांगल्या वागणुकीनेच जातो.

लोकांचे सगळेच समज खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, ही आपल्या जुन्या माणसांची रीत होती. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखवले. म्हणजे माळावर जाणारे शहाणेच होते! त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्राण गेले. रोग्याला हात लावायला जग भीत असताना त्या पुढे झाल्या.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक पडवी मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली. कामाच्या ताणाने आणि भीतीने हाताखालची माणसे टिकत नसत, पण ते स्वतः दिवसरात्र राबत होते.

लस कशी करत, हे आपल्याला कळण्यासारखे आहे. मांसाच्या पातळ रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. विरजण कसे दुधात वाढते, तसेच. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या थेंबाखाली जंतूंचे झुबके वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढत. पुरते वाढले की उष्णता देऊन ते मारायचे. मेलेले जंतू अंगात गेले तर रोग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते आणि ते तयारीत राहते. यात हाफकिन यांनी एक गोष्ट जपली. रस्सा गाईचा नाही, डुकराचा नाही, बोकडाच्या मांसाचा घेतला. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही मनाला धक्का लागू नये म्हणून. परमुलुखातून आलेल्या माणसाला जे कळले, ते सोजिरांना पाठवणाऱ्यांना कळले नव्हते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, तीही इतरांना द्यायची त्याहून मोठ्या मात्रेत. फणफणून ताप आला, अंग ठणकले, पण ते उठून कामाला लागले. मग शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी पुढे आली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. लस घेतलेल्यांत लागण पुष्कळ कमी झाली.

तरी लोक सहजासहजी वळले नाहीत. सुई गजभर लांब असते, टोचले की पुरुषाचे पौरुष जाते, बाई वांझ होते, माणूस जागच्या जागी मरतो, अशा वावड्या दूरवर पसरल्या. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी लोकांच्या देखत लस घेतली, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिन यांना कामासाठी दिली. गुरूने घेतली म्हणून हजारो खोजांनी घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या सरकारी वाड्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची संस्था. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या. लस पूर्ण रक्षण करणारी नव्हती, तिने ताप येई, हात-अंग दुखे. पण ती घेतलेल्यांत मरणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ घटले.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व गेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. सरकारने चौकशी नेमली. चौकशीवाल्यांनी ठपका ठेवला की घाण मुंबईच्या प्रयोगशाळेतच गेली असावी. हाफकिन यांना कामावरून दूर केले. रशियातला ज्यू, वैद्यकीची पदवीही नाही, हा परका इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होताच.

खरी हकीकत अशी की त्या दिवशी बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट शुद्ध न करता त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याला माहीत आहेच. पण ही गोष्ट लोकांपुढे यायला वर्षे लागली. १९०७ साली हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून अन्याय वेशीवर टांगला, तेव्हा कोठे ते निर्दोष ठरले. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण स्वतःच्या हाताने उभी केलेली मुंबईची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते जन्मभर अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मला या चरित्रात एक गोष्ट फार लागली. झोपडीतली बाई सुईला घाबरली, तिला आपण अडाणी म्हणतो. पण मोठमोठे शिकलेले अधिकारी पुरावा पुरता न पाहता एका परक्या माणसावर दोष ठेवून मोकळे झाले, त्यांना काय म्हणावे? संशयाला शाळेची इयत्ता लागत नाही. झोपडीतल्या बाईचा संशय निदान डोळ्यांनी पाहिल्यावर गेला. साहेबांचा जायला पाच वर्षे लागली.

२०२१ साली करोनाची लस आली तेव्हा आमच्या आळीतही गजभर सुईच्याच कथा होत्या, फक्त त्या आता मोबाईलवर येत होत्या. सासूबाई लस घ्यायला तयार नव्हत्या, आणि खरे सांगते, मलाही धीर होत नव्हता. मी त्यांना समजावू लागले की त्या विचारत, तू का घेत नाहीस? मला उत्तर नव्हते. अखेर एके दिवशी मीच रांगेत उभी राहिले. दोन दिवस तापाने पडून होते. तिसऱ्या दिवशी मला पोळ्या लाटताना पाहिले आणि सासूबाईंनी आपले नऊवारी नेसून तयारी केली. शेजारच्या दोघी वृद्धाही त्यांच्याबरोबर निघाल्या. तेव्हा मला हाफकिन यांचे नावही नीट माहीत नव्हते. आता वाटते, त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे केले, तेच सासूबाई माझ्याकडे मागत होत्या.

साथी पुन्हा येतील. आपल्या मंडळातल्या बायका घरोघर जातील, तेव्हा कोणाला अडाणी म्हणून हिणवू नये, कोणावर जबरदस्ती करू नये. आधी आपण करावे, मग सांगावे. एवढे आपण पाळले तर परळच्या त्या पाटीवरच्या नावाचे ऋण थोडे तरी फिटेल.